आधी नाव, मग गाव

माझा भाऊ वेंडेल ऑक्सनर आमदार आहे आणि मला त्याचा भयंकर राग येतो. आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी म्हणायला नको की लव्होन तोंडावर गोड बोलते.

वाईट माणूस असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण बर्फात कुणाचीही गाडी रुतली की तो ट्रॅक्टर घेऊन धावतो. वडील गेल्यावर शेत त्यानेच सांभाळलं. पुढे शाळेच्या मंडळावर गेला. तिथे व्यायामशाळेच्या नव्या छपराला त्याने एकट्याने विरोध केला आणि गावाने त्याला डोक्यावर घेतलं. पोरं गळक्या छपराखाली खेळली, पण वेंडेल पैशाला जपणारा ठरला. तेवढ्या भांडवलावर तो राजधानीत, पीअरला, साउथ डकोटाच्या विधानसभेत पोचला.

तिथे त्याची मतं ठरलेली. कर वाढवायचे नाहीत. बंदुकीच्या हक्काला हात लावायचा नाही. गर्भपाताला परवानगी नाही. आणि प्रत्येक भाषणाच्या शेवटी, "म्हाताऱ्यांना कुटुंबाने सांभाळावं, सरकारने नव्हे!" टाळ्यांचा कडकडाट. सोयाबीन वाळलं त्या साली सरकारी विम्याचा चेक मात्र त्याने गुपचूप वटवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आमच्या टोलबर्गात एक वृद्धाश्रम होता. मी तिथे म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचे, भरवायचे. खुबा मोडल्यावर आमची आई एर्ना तिथेच राहायला आली. खिडकीतून तिला तिचं चर्च दिसायचं. अशा आश्रमांचं अनुदान वाढवायचा ठराव आला, तेव्हा वेंडेलने विरोधाचं लाल बटण दाबलं. ठराव पडला आणि आश्रमाला कुलूप लागलं. माझी नोकरी गेली ती गेली, आईला थेट ॲबर्डीनच्या आश्रमात न्यावं लागलं. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की तिला भेटणंही होत नाही.

मी वेंडेलला फोन केला.

"तुझ्या घरी ने ना तिला. कुटुंबाने सांभाळावं म्हणतोस ना?"

"अगं, मी पीअरला असतो. शार्लीनला एकटीला कसं झेपेल?"

शार्लीन म्हणजे त्याची बायको. घरात तीन खोल्या रिकाम्या.

"तूच ने की," तो म्हणाला.

"माझी खोली माडीवर आहे, वेंडेल! आईला काय दोरी बांधून वर ओढू?"

"तू लगेच आवाज चढवतेस बघ."

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन आपटला आणि ठरवलं, याला चारचौघांत गाठायचं.

अधिवेशन चालू असलं की आमच्याकडे आमदार शनिवारी सकाळी गावात येतात. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये कॉफी आणि कुखन केकचे तुकडे मांडतात आणि लोकांचे प्रश्न घेतात. हात वर करायचा, आधी नाव सांगायचं, मग गाव, मग प्रश्न. पूर्वी कुणीही उठून विचारायचं. एकदा शहरातल्या शिक्षकांनी येऊन वेंडेलला घाम फोडला. तेव्हापासून त्याने नियमच करून घेतला, मतदारसंघाबाहेरच्यांनी प्रश्न विचारायचा नाही.

रस्ता मोकळा झाल्यावर मी आईला घेऊन आले. गाडीत तिला पढवत होते, "विचार त्याला, आश्रम का बंद पाडलास म्हणून. सोडू नकोस."

"बघते गं," ती म्हणाली आणि टोपी सारखी करत बसली.

शेडमध्ये तिने हात वर केला. वॉकर धरून उभी राहिली. सगळे तिला ओळखणारे, सगळे हसले.

"एर्ना ऑक्सनर," ती म्हणाली. "ॲबर्डीन."

सभा चालवणारा हार्लन बँकेतला. तो खाकरला. "एर्नाकाकू, तसं बघितलं तर बाहेरच्यांना..." आणि त्याने वेंडेलकडे पाहिलं.

वेंडेल कपात बघत होता. "नियम सगळ्यांना सारखाच, हार्लन," तो म्हणाला. मग जरा हसून, "पण विचारू दे. आई आहे माझी."

एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. उपकारच केले ना त्याने! मी दात आवळून बसले. आता विचार, आई. झाड त्याला.

"वेंडेल," आई म्हणाली, "या निवडणुकीत मला तुला मत देता येईल ना रे? दर वेळी दिलंय."

मला तिचाही राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं.

वेंडेल म्हणाला, "नाही गं आई. तुझं मत आता तिकडे. तिकडचा आमदार वेगळा."

आईने टोपी सारखी केली.

"मग मला तिकडे कशाला पाठवलंस?"

ती वाद घालत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. वेंडेलने हार्लनकडे पाहिलं. मी आईला धरून खाली बसवलं.

हार्लनने घाईघाईने मागच्या रांगेतल्या एका वर केलेल्या हाताकडे बोट दाखवलं. प्रश्न फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या परवान्याचा होता. वेंडेलने त्याचं चांगलं सविस्तर उत्तर दिलं.