आत्याच्या नावाने गेलेला नकार

मंडळी, दुपारपासून मन ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या मुलीला फेलोशिप मिळाली. दोन वर्षं बेटम्याकडच्या गावांत पंचायतींबरोबर काम करायचं आहे. पेढे घेऊन अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या आत्याकडे गेलो. ती आता त्र्याण्णव वर्षांची आहे.

बातमी ऐकून म्हणाली, "मलाही मिळाली होती रे. मध्यभारत राज्य होतं त्या काळात, बी.ए. झाल्यावर. गावातल्या बायकांसाठी काम करायचं ट्रेनिंग होतं."

"मग गेली का नाहीस?"

"पत्र घरी आलं, पण मला दाखवलंच नाही. मी दफ्तरात विचारायला गेले, तर तिथल्या कारकून बाबूजींनी माझ्या नावाने आलेला नकार पुढे ठेवला. अक्षर तुझ्या बाबांचं होतं. आमच्या वडिलांनी सांगितलं आणि त्याने लिहून टाकलं."

"बाबांना कधी विचारलंस?"

"नाही. दर राखीला तो मान खाली घालून बसायचा. मला समजत होतं."

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. आम्हाला ते नेहमी सांगायचे, मुलींना खूप शिकवा.

घरी आलो तर मुलगी म्हणाली, "क्या हुआ बाबा, एकदम चुप झालात?"

सोमवारी ती आजोबांच्या फोटोला नमस्कार करून निघणार आहे. तिला हे सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?