न पाहिलेल्या बंदराची माहिती

आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. हे मी कुणी न विचारताही सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. ईट गावच्या शाळेतून निघालो, कळंबला इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि कळंबलाच खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला लागलो. पोती उतरवून घ्यायची, कोणतं औषध किती पाण्यात टाकायचं ते गिऱ्हाइकाला सांगायचं, आणि मालकांच्या मोबाइलवर इंग्रजीत काही आलं की ते मराठीत वाचून दाखवायचं. मालक मला नावानं हाक मारत नाहीत, "प्रोफेसर" म्हणतात. सुरुवातीला मला तो मान वाटायचा.

खताच्या कंपन्या दुकानदारांना परदेशी नेतात, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. ठरवून दिलेला माल उचलला की सहल लागते. मालकांना दर वेळी दोन जागा मिळत. एक त्यांची, दुसरी त्यांच्या धाकट्या भावाची. त्या वर्षी कंपनीनं फिलिपाइन्समधलं समुद्रकाठचं एक शहर निवडलं. कधीकाळी तिथं आरमाराचा मोठा तळ होता. तालुक्यातल्या एकाही दुकानदारानं त्या शहराचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि कंपनीनं पाठवलेलं रंगीत पुस्तक इंग्रजीत होतं. मालकांनी ते माझ्यापुढं टाकलं.

"प्रोफेसर, हे वाच अन् आपल्या लोकास्नी नीट समजावून सांग. मागच्या टायमाला अर्धे लोक दुकानं बघून आले. कुठं गेल्तो म्हणून इचारलं तर सांगता येईना."

मी ते पुस्तक वाचलं आणि मग थांबलोच नाही. मोबाइलवर त्या शहराचे नकाशे काढले, तिथं फिरून आलेल्यांचे व्हिडिओ बघितले, आरमार असताना तिथं नोकरी केलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी वाचल्या. दुकानाच्या मागं गोडाऊन आहे. त्याला खिडकी नाही आणि युरियाच्या वासानं डोळे चुरचुरतात. तिथं पोत्यांवर बसून मी त्या शहराचे रस्ते पाठ केले. कळंबात मला रस्ता पाठ करायची गरजच पडली नव्हती. खोलीवरून दुकान आणि दुकानातून खोली, एवढाच रस्ता. मोठं पाणी म्हणून मी पाहिलेलं ते मांजरा धरण, तेही एसटीच्या खिडकीतून.

त्यातच मालकांच्या भावाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि दुसरी जागा मोकळी झाली. मालक गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "तूच चल. इंग्रजी बोलाया कुणीतरी लागतंयच. दुकान पुतण्या बघंल."

मी त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरला. चौकशीला पोलीस ईटला आमच्या घरी गेले, तेव्हा वडिलांनी त्यांना शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवलं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. आई फोनवर म्हणाली, "इमानात भाकरी नेऊ देतेत का रं?" मी म्हणालो, देतात. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पासपोर्ट हातात आला तेव्हा तो मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि दिवसभर खतं विकली.

निघण्याआधी मंगल कार्यालयात सगळ्या दुकानदारांना माहिती सांगायचा कार्यक्रम ठेवला. काहींच्या बायकाही जाणार होत्या. त्या मागच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि त्यांच्यात मालकांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, सोबत म्हणून येऊन बसल्या होत्या. त्या जाणार नव्हत्या. त्यांचा पासपोर्ट मात्र होता. मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जायचं म्हणून काढलेला. पण मुलगीच बाळंतपणाला इकडं आली आणि पासपोर्ट कपाटात राहिला.

मी उभा राहिलो. पुस्तकातलं वाचून दाखवायचं नाही, हे ठरवलं होतं.

"परंड्याचा किल्ला सगळ्यांनी बघितलाय ना? किल्ल्यात फौज होती तोवर फौजेच्या जिवावर बाहेरचा बाजार चालायचा. तसंच हे शहर. फक्त इथं किल्ल्याच्या जागी खाडी आहे अन् फौजेच्या जागी जहाजं. आधी स्पॅनिश आले. त्यांनी जहाजं दुरुस्त करायचा कारखाना बांधला. त्याचं दगडी दार अजून उभं आहे. मग अमेरिकन आले. जहाज बंदरात लागलं की खलाशी बाहेर पडायचे आणि शिंपी, धोबी, खानावळी सगळ्यांचं चालायचं."

"अन् बार?" पुढच्या रांगेतून एकानं विचारलं.

"बार तर लई होते."

"मग ही माहिती आधी सांगायची ना, प्रोफेसर!" सगळे हसले. मीही हसलो.

मग सांगितलं, की शेजारचा ज्वालामुखी फुटला, राखेच्या वजनानं छपरं खाली आली, आणि त्याच सुमारास करार संपून आरमार निघून गेलं. दुसऱ्या एकानं मान हलवली. "म्हणजे आपल्या साखर कारखान्यावाणी. कारखाना बंद पडला अन् नाक्यावरची हॉटेलं बसली."

"तसंच. फक्त तिथले लोक बसले नाहीत. आरमार गेल्यावर इमारतींची लुटालूट होऊ नये म्हणून गावच्या लोकांनी पगाराशिवाय पहारा दिला. आता त्याच जागेत कारखाने आहेत, हॉटेलं आहेत. तुम्ही राहणार तेही आतच."

तळ आणि शहर यांच्यामधून एक पाण्याचा चर जातो, त्यावर पूल आहे, हेही सांगितलं. तेव्हा मागून वहिनींचा आवाज आला. त्या चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून मालकांनीही वळून बघितलं.

"त्या पुलावरनं बाया जायच्या का?"

"जायच्या की. हजारो बायका रोज कामाला आत जायच्या. दारावर पास दाखवायचा."

"अन् आता?"

"आता पास लागत नाही, वहिनी. कुणीही जावं, कुणीही यावं."

मी पुढं बोलत राहिलो. जीपच्या रंगावरून ती कुठल्या बाजूला जाते ते तिथं कळतं, डोंगरातल्या आदिवासींनी खलाशांना जंगलात जगायला शिकवलं, पाऊस कसा येतो, भात कसा खातात. टाळ्या पडल्या. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढं चांगलं मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालक दुकानात जरा उशिरा आले. उदबत्ती लावली, गल्ला उघडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझी वहिनी येती म्हणती."

मला कळायला वेळ लागला.

"इतक्या वर्षांत कधी काही मागितलं न्हाई तिनं. काल तुझं ऐकलं अन् रात्री म्हणली, मला तो पूल बघायचाय. आता काय म्हणावं? अन् बरंच झालं बघ. पुतण्याच्या हातात दुकान सोडाया माझं मन घेत नव्हतं. तुझ्यावर सोडलं की झोप लागती. पुढच्या टायमाला तू नक्की."

मी "बरं" म्हणालो. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला सोयाबीनवरच्या अळीचं औषध दिलं. ते पाण्यात किती टाकायचं ते दोनदा सांगितलं. राग वहिनींवर धरावा असं वाटत होतं आणि धरता येत नव्हता. जेवायला मी खोलीवर जायचो तेव्हा त्या कधीकधी डब्यात भाजी घालून द्यायच्या. त्यांचं स्वयंपाकघर दुकानाच्या वरच आहे. त्यांच्याही रस्त्याची लांबी मला ठाऊक होती. जिना, देवघर, शुक्रवारचा बाजार. तरी माझी जागा त्यांनीच घेतली होती, आणि ती घ्यावीशी वाटेल असं सगळं मीच सांगितलं होतं. वडिलांना फोनवर सांगितलं, की कागदाची अडचण आली. ते म्हणाले, "असू दे. पासपोर्ट तर हाय ना." त्यांनी तो आणून दाखवायला सांगितला.

निघायच्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी वहिनींची ओटी भरली. त्यात शेंडी राखलेला नारळ होता. पहिल्यांदा समुद्र बघायचा तर त्याला नारळ द्यायचा, असं बायकांनी बजावलं. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. खाण्यापिण्याचं काही नेऊ नका, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"ठेवा इथंच," मी म्हणालो. "नारळ तिथं पावलापावलाला मिळतात."

त्यांनी तो दुकानातल्या देवाच्या फळीवर ठेवला आणि गाडीत बसल्या.

मंडळी तिथं पोहोचल्यावर एका सकाळी मी इथं दुकानाचं शटर उचलत होतो, तेवढ्यात वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. आपली सकाळ म्हणजे तिकडं दुपार. पडद्यावर आधी आभाळ, मग कुणाची तरी टोपी, मग वहिनींचा घामेजलेला चेहरा.

"आरं, नारळच मिळंना!"

"काय म्हणता? तिथं तर..."

"मिळतेत की! हिरवे मिळतेत, पांढरे सोललेले मिळतेत. शेंडी कुणाच्याच नारळाला न्हाई. मी त्या बाईला डोक्यावर हात लावून शेंडी दाखवली, तर तिनं मला कंगवा दाखवला."

मला हसू आवरेना. मग विचारलं, "मालक कुठं आहेत?"

"ते समदे दुकानात घुसलेत. मला म्हणले हॉटेलात बस. मी आले पूल ओलांडून. आता कुठनं आले ते समजंना."

मी फळीवरच्या नारळाकडं बघितलं. मग म्हणालो, फोन फिरवून चारी बाजूला दाखवा. बाजाराची पत्र्याची कमान दिसली, रंगीत जीपगाड्या दिसल्या, औषधांच्या दुकानाची पाटी दिसली. आणि मला कळलं, की त्या कुठं उभ्या आहेत. खरंच कळलं. गोडाऊनमध्ये पाठ केलेलं सगळं जागच्या जागी होतं.

"पाटी पाठीशी घ्या. आता सरळ. चौकात उजवीकडं वळू नका, ती वाट वर जाते. डाव्या हाताला या."

त्या चालत होत्या आणि मी दुकानात उभा राहून बोलत होतो. एक शेतकरी आत आला, मी त्याला हातानं थांब म्हणून सांगितलं. तो बाकावर बसला आणि कान देऊन ऐकायला लागला. थोड्या वेळानं कठडा दिसला.

"हाच का रं पूल? लहानच हाय की!"

"लहानच आहे, वहिनी."

पुलापलीकडून मी त्यांना झाडांच्या रस्त्यानं पाण्याकडं नेलं. तिथं त्यांनी हातातला हिरवा नारळ पाण्यात सोडला, शेंडी नसलेला. समुद्रानं तो घेतला की नाही ते मला दिसलं नाही, कारण फोन त्यांच्या हातात हलत होता आणि पडद्यावर नुसती पांढरी चमक होती. मी पाहिलेला समुद्र तेवढाच.

मग त्या पाण्याकाठच्या कठड्यावर बसल्या.

"तुझी जागा घेतली म्या," त्या म्हणाल्या.

"असू द्या."

"असू दे कशाला? मला ठावं हाय. पन् एक ऐक. पुढच्या टायमाला नेतो म्हणलेत ना तुला? ते न्ह्यायचे न्हाईत. दुकान चांगलं बघतोस म्हणून तुला मागं ठेवतेत, अन् सांगतोस तर इतकं चांगलं की दुसऱ्यालाच जावंसं वाटतं. इतकं चांगलं सांगत जाऊ नकोस, बाबा. थोडं वाईट सांग. मग बघ, तुझी जागा कुणी मागत न्हाई अन् तुला बी गाडीत घेतेत."

फोन ठेवल्यावर बाकावरच्या शेतकऱ्यानं विचारलं, "कुठं हायेत त्या?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही लई दिवस राहिलेले दिसताय तिथं."

परत आल्यावर वहिनींनी फळीवरचा नारळ स्वतः फोडला आणि दुकानात खोबरं वाटलं. मालक सगळ्यांना सांगत सुटले, की त्यांच्या दुकानातला माणूस कळंबात बसून परदेशात रस्ता दाखवतो. आता बाहेरच्या तालुक्यांतले दुकानदारही त्यांच्याकडं विचारणा करतात, "तुमचा तो प्रोफेसर पाठवा ना माहिती सांगायला." मालक मला गाडीनं पाठवतात. परंड्यापर्यंत जाऊन आलो.

यंदा सहल दुसऱ्या देशात आहे. भावाचा गुडघा बरा झालाय. दुसऱ्या जागेचं मालकांनी अजून काही सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पासपोर्ट खोलीवरच्या पेटीत आहे.

गेल्या आठवड्यात त्याच मंगल कार्यालयात माहितीचा कार्यक्रम झाला. मी ठरवून गेलो होतो. पुस्तकातलं इंग्रजी जसंच्या तसं वाचायचं, अडखळायचं, मध्येच सोडून द्यायचं. सुरुवात तशी केलीही. पुढची रांग मोबाइल बघायला लागली. मालकांच्या कपाळाला आठी पडली. मागं वहिनी बसल्या होत्या, त्या मान खाली घालून हसत होत्या.

एवढ्यात शेवटच्या खुर्चीवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "तिथं पाणी गोडं असतंय का खारं?"

प्रश्न साधा होता. "खारं" एवढं म्हणून बसता आलं असतं. पण मला ते सगळं माहीत होतं. नदी कुठून येते, समुद्राला कुठं मिळते, कोणत्या महिन्यात भरती शहरात शिरते. मी पुस्तक मिटलं.

"मावशी, मांजरा धरण बघितलंय का तुम्ही?" मी म्हणालो. मागं वहिनींनी कपाळाला हात लावला. पुढच्या रांगेनं मोबाइल खिशात ठेवले.