फेजचा संच

नंदनवन वस्तीत रेडिओ दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक होता. तोंडात कायम दोन स्क्रू धरलेले, म्हणून बोलणं मोजकं. रेडिओलहरींवर आवाज चढवायच्या दोन पद्धती, एफएम आणि फेज, तो एवढ्यातच समजावायचा. "एफएमले आवाजाचा जोर कळते. फेजले जोरासंगं आवाजाचा बारीकपणाबी कळते. समजलं का, भाऊ?"

"समजलं," मी दर वेळी म्हणायचो. खोटं बोलायचो.

एवढ्या अज्ञानाच्या बळावर मी घरी बिनतारी संच जोडला आणि आमच्या हौशी रेडिओ मंडळात तो एफएमचा असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. रविवारी सगळ्यांसमोर तो उघडायचं ठरलं. आदल्या दिवशी मी संच मेकॅनिकच्या दुकानात नेऊन त्यावर बोलून दाखवलं. त्यानं रिसीव्हरवर ऐकलं.

"तुमचा आवाज इतका किनरा काहून येऊन राहिला?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ठेवून जा. धूळ झाडून देतो."

रविवारी मंडळातल्या जुन्या सभासदानं झाकण काढलं. "संच मूळ फेजचा, पण माइकनंतर रेझिस्टर-कंडेन्सर घालून बारीक आवाज दाबलाय. म्हणजे एफएमच झाला. शाबास!"

ते दोन तुकडे मी आयुष्यात पाहिले नव्हते. तरी मान लववून टाळ्या घेतल्या. मागच्या खुर्चीवर मेकॅनिक छताचा पंखा बघत होता. तिथंही तोंडात स्क्रू होतेच.

बाहेर सायकलचं कुलूप काढताना त्यानं हळूच विचारलं, "आता समजलं का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं स्क्रू काढून खिशात टाकले आणि तिथंच पायरीवर बसून पहिल्यापासून सांगायला लागला.