मधल्या सीटवरच्या सासूबाई

आमच्या गाडीत पुढे तीन सीट आहेत आणि त्यातल्या मधल्या सीटवर माझ्या सासूबाई बसतात.

ही गाडी जपान्यांनी फक्त जपानसाठी काढली होती. लांबीला आखूड, रुंदीला ऐसपैस. पुढे तिघं, मागे तिघं. थोडी वर्षं विकली आणि बंद केली. का बंद केली, ते आमच्या हॅमिल्टन गावच्या किवी डीलरलाही सांगता येईना. "गुड फॅमिली कार, मेट," एवढंच तो म्हणाला. गाडी सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी नम्रपणे बोलते (सासूबाई तिला "हो गं बाई" म्हणतात). पडद्यावरचा नकाशाही फक्त जपानचा, त्यामुळे आम्ही कुठेही गेलो तरी गाडीच्या मते समुद्रात असतो.

सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. मागे बसलं की त्यांना गाडी लागते, म्हणून पुढे. खिडकीशी वारा लागतो, म्हणून मधे. त्यांच्या डावीकडे बायको मुग्धा, उजवीकडे चालक मी. मागे आमची आठ वर्षांची रेवा, एकटीच राज्य करत.

त्या शनिवारी आमच्यापासून तासाभरावरच्या पापाकुरा गावी एका हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपतीचा कार्यक्रम होता आणि रेवा 'माझी आजी' हे भाषण करणार होती. रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. सासूबाईंनी महिनाभर खपून तिच्याकडून भाषण पाठ करून घेतलं होतं. सोमवारी त्यांचं परतीचं विमान. "एकदा तिला स्टेजवर मराठी बोलताना ऐकलं की मी सुखानं जाईन," त्या सारख्या म्हणत. (पुण्याला. पण ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स व्हायचं!)

निघताना मी दोन नियम जाहीर केले. पहिला, आज रेवानं गाडीत फक्त मराठी बोलायचं. इंग्रजी मला ऐकूच येणार नाही. दुसरा, चालकाला कुणीही सल्ला द्यायचा नाही. (हा खास मुग्धासाठी, आदल्या रविवारच्या भांडणाची आठवण म्हणून.)

पापाकुराच्या अलीकडे बॉम्बे नावाचं गाव लागतं. तिथे पेट्रोल भरलं, कॉफी घेतली आणि परत हायवेला लागलो. फोनवरचा नकाशा सासूबाईंच्या हातात. मी मजेत.

मागून आवाज आला, "बाबा, यू आर गोइंग द राँग वे."

"मराठीत!"

"बट बाबा..."

"ऐकू येत नाही!"

मुग्धा खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसत होती. मला वाटलं, माझ्या बाणेदारपणाचं कौतुक चाललंय! सासूबाई फोन छातीशी धरून बसल्या होत्या.

"किती गाई ना इकडे!" मी म्हटलं.

"हो," सासूबाई हळूच म्हणाल्या, "मघाशी त्या दुसऱ्या हाताला होत्या."

यापेक्षा सभ्य इशारा आजवर कुणी कुणाला दिला नसेल. मी म्हटलं, "चरत चरत जातात हो कुठेही!"

मागे बराच वेळ चुळबुळ चालली होती. मग एकदम आरोळी आली, "बाबा, तू चुकलास! हा आपल्या घराचा रस्ता आहे!"

न शिकवता, न पढवता, रेवा आयुष्यात पहिल्यांदा सलग मराठी बोलली होती. "अगं, किती छान बोललीस!" म्हणत सासूबाई मागे वळल्या. मी मात्र समोरची पाटी वाचत होतो. हॅमिल्टन.

"आई, फोन काहीच कसा बोलला नाही?"

"बोलत होती की ती बाई. सारखं आपलं 'यू टर्न, यू टर्न'. मला बरं नाही वाटलं, मकरंदराव. जावयाला कुणी असं बोलतं का? मी तिचा आवाज बंद केला."

"पण तुम्हाला कळलं होतं?"

"बॉम्बेलाच."

"मग?"

"तुम्ही चालवत होतात ना!"

"आणि तू गं?" मी मुग्धाला विचारलं.

"नियम दुसरा," मुग्धा म्हणाली.

वळायला जागा मिळेपर्यंत आणखी बरंच अंतर गेलं. सासूबाईंनी घड्याळ पाहिलं. "नाहीच जमलं तर घरी ऐकू," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण आवाज उतरला होता. मला स्वतःची लाज वाटली. पुण्यात रिक्षावाल्याला गल्लीबोळासकट रस्ता सांगणारी ही बाई माझ्या गाडीत तीन महिने तोंड मिटून बसली होती, आणि मी ते माझ्या ड्रायव्हिंगचं कौतुक समजत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम आटोपून मंडळी वरणभात वाढून घेत होती. एक काका माइकची वायर गुंडाळत होते. मुग्धानं त्यांच्या विनवण्या केल्या. रेवा उभी राहिली. "नमस्कार. माझी आजी," म्हणाली आणि थांबली. पाठ केलेलं सगळं साफ गेलं होतं. खाली सासूबाईंचे ओठ हलत होते, पण तिला काही उमगेना.

मग तिनं दीर्घ श्वास घेतला. "माझ्या आजीला रस्ता माहीत होता. पण ती बोललीच नाही. बिकॉज बाबाला वाईट वाटेल. माझी आजी खूप चांगली आहे. बाबा पण चांगला आहे, पण तो ऐकत नाही."

हातातल्या पापडांसकट हॉल हसला. सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या. सगळे माझ्याकडेच बघत असल्यामुळे मी टाळ्या वाजवल्या.

परत निघताना मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. "आई, दोन्ही नियम रद्द. माझं चुकलं तर सरळ बोला."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग आधी तो आरसा नीट करा," त्या म्हणाल्या. "आणि ब्रेक इतक्या उशिरा का दाबता हो? आल्या दिवसापासून सांगायचं होतं." त्यांच्या पलीकडून मुग्धानं अनुमोदन दिलं. मागून रेवा ओरडली, "बाबा, हळू!" तेही स्वच्छ मराठीत! एवढ्यात सासूबाईंनी फोनमधल्या बाईचाही आवाज पुन्हा सुरू केला.

बॉम्बे यायच्या आतच मला कळलं, जपान्यांनी ही गाडी इतक्या लवकर का बंद केली.