गुलाबबाई हॉटेलच्या मागून येतात

कारंज्याचं जैन माणूस नागपूरला निघालं की आधी गुलाबबाईंकडे यायचं. कुठं जेवायचं हे त्या सांगतील ते पक्कं. धान्याचे व्यापारी जिनदासशेठ यांच्या त्या पत्नी. नवऱ्याबरोबर वर्षातून दोन-चार वेळा नागपूर व्हायचं, आणि तिथल्या कुठल्या हॉटेलात कांदा-लसणाचा वारासुद्धा लागत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं.

त्यांची पाहणीची रीत निराळी होती. हॉटेलची पाटी, भिंतीवरचे देव, गल्ल्यावरचा मालक, यांच्याकडे त्या ढुंकूनही पाहत नसत. पदर खोचून सरळ मागच्या बोळात शिरायच्या आणि उकिरडा निरखायच्या.

"मालकाले इचारलं तर तो म्हणते, आमच्याकडं कांदा येतच नाई," त्या सांगत. "मंग मागं ते सालटं काय उडत आले?"

सीताबर्डीवरच्या एका मालकाला तर त्या महापालिकेच्या तपासणीवाल्या बाई वाटल्या. त्यानं घाईघाईनं चहा पुढे केला. गुलाबबाईंनी उकिरडा पाहिलेला होता, म्हणून त्यांनी तो घेतला नाही.

चौऱ्याहत्तर साली मात्र त्यांच्या या मानाला धक्का लागायची वेळ आली. धाकट्या दिराच्या लग्नाचा बस्ता बांधायला त्या, जिनदासशेठ आणि मुंबईहून आलेली नणंद कंचनबाई असे तिघं नागपूरच्या इतवारी बाजारात आले होते. साड्या पाहता पाहता दुपार कलली. गुलाबबाई उठल्या.

"चला, नेहमीच्या खानावळीत जाऊ. दिवस बुडायच्या आंदी ताट पुसून मोकळे होऊ."

"पुन्हा वरण-पोळी?" कंचनबाईंनी नाक मुरडलं. "वहिनी, ते घरी मिळतंच. आज चायनीज खाऊ. मुंबईत सगळे खातात."

"ते काय असते?"

"अहो, चिनी जेवण!"

जिनदासशेठ पेंगत होते, ते ताठ बसले. गोड हा त्यांचा जीव की प्राण. "चीनीचं जेवण? पुरं ताटच?"

"आमच्या वहिनींच्याने काही मिळायचं नाही ते," कंचनबाई भावाला म्हणाल्या. "त्यांची धाव खानावळीपर्यंत. बोला वहिनी, आज नाही मिळालं तर यापुढे कुठं जेवायचं ते मी ठरवणार. लग्नाच्या वऱ्हाडाचं पण."

वऱ्हाडाचं! सगळ्या गोतावळ्याच्या जेवणाचा मान हातचा जाणार. "चाल," त्या म्हणाल्या. "मले सापडत नाई असं हॉटेल नागपुरात नाई."

सायकलरिक्षात तिघं कोंबून बसले. जिनदासशेठ एकटेच दोघांचे होते, त्यामुळे चढावर रिक्षावाला उतरून ढकलायचा आणि शेठ वरून त्याला हिंमत द्यायचे.

"भय्या, चिनी खाने का है. अच्छी जगह," गुलाबबाईंनी बजावलं.

रिक्षावाल्याने मागे वळून शेठच्या पोटाकडे पाहिलं, मान डोलावली, आणि रिक्षा एका मिठाईच्या दुकानापुढे नेऊन उभी केली.

"इथं चिनी मिळते काय?" गुलाबबाईंनी मिठाईवाल्याला विचारलं.

"बाई, चीनीशिवाय इथं कायच नाई," तो म्हणाला.

कंचनबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. जिनदासशेठ खाली उतरले होते, त्यांना हाताला धरून परत चढवावं लागलं. "अवो, हे काय वाईट हाये?" ते वळवळून मागे पाहत राहिले.

ऊन तिरपं झालं होतं. दिवस बुडाला की पाण्याचा थेंबही नाही, हा तिघांचा नेम. शेवटी कंचनबाईंनी कुणाला तरी इंग्रजीत विचारलं, आणि रिक्षा सदर भागात लाल कंदील टांगलेल्या एका हॉटेलापुढे थांबली. दारावर सोनेरी साप काढला होता. त्याला पाय होते.

"तुमी बसा समोर," गुलाबबाई म्हणाल्या. "मी मागून येतो."

मागच्या बोळातला उकिरडा पाहून त्यांचे डोळेच पांढरे झाले. कांद्याची पात, लसणाची फोलपटं, अंड्यांची टरफलं. उरलेलं काय होतं ते त्यांनी पाहिलंच नाही, डोळे मिटून घेतले. संपलं. वऱ्हाडाचं जेवण गेलं कंचनबाईंकडे.

"कोन व्हय ते? ओ बाई, मांगून काहून आल्या?"

दारात पांढरी टोपी घातलेला आचारी उभा होता. गुलाबबाईंनी डोळे उघडले. चिनी हॉटेलात आपली बोली!

"तू कुठचा रे?"

"मी मेडशीचा. शालिकराम."

"अन् चिनी रांधतं?"

"मंग काय, चीनहून माणूस आणतीन का मालक? तुमी कारंज्याच्या वाटता."

गुलाबबाई तिथंच पायरीवर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं: नणंद, पैज, वऱ्हाड, आणि बुडत चाललेला सूर्य. शालिकरामने डोकं खाजवलं.

"आमच्या नूडलीत अंडं असते, बाई. पण मायनं हातच्या शेवया धाडल्या हायेत. माहं रांधायचं गंज पण येगळं हाये, स्टोव्हही. मी माळकरी हावो, हितलं खात नाई."

"दाखव तुहं गंज."

ते भांडं उजेडात फिरवून, हुंगून, दोनदा घासून पास झालं. शालिकराम बाटली उचलायला गेला.

"हे काळं काय व्हय?"

"सोयाबीन आंबवून करतेत."

"आंबवून? ठेव खाली."

"मंग काळं कसं दिसन? नणदेले खरं वाटलं पाह्यजे ना!"

"गूळ करपव," गुलाबबाई म्हणाल्या.

शेवया उकडल्या, कोबी-सिमला मिरची तेलात परतली, लिंबू पिळलं, करपलेला गूळ वरून सोडला. गुलाबबाई बोळातून फिरून पुढच्या दाराने आत आल्या आणि पदर सारखा करून ऐटीत बसल्या. मागोमाग शालिकराम, तोंडातून एक शब्द न काढता, चिनी मातीच्या बशा मांडून गेला.

कंचनबाईंनी पहिला घास घेतला. बाहेर कंदिलापेक्षा सूर्य लाल झाला होता.

"वहिनी!" कंचनबाई म्हणाल्या. "अगदी मुंबईसारखं! नाही, मुंबईत पण असं नाही मिळत. हा आचारी नक्की चीनचा आहे, बोललासुद्धा नाही."

"म्या मागं जाऊन पाह्यलं, मंगच मिळालं," गुलाबबाईंनी संथपणे सांगितलं. "वऱ्हाडाचं मी पाह्यतो मंग."

"तुम्हीच पाहा. तुम्हीच."

आता घाईने दोघी बशा रिकाम्या करू लागल्या. जिनदासशेठ मात्र शेवयांकडे टक लावून बसले होते. या शेवया त्यांनी जन्मभर खाल्ल्या होत्या, पण अशा काळ्या, आंबट कधी नाहीत. सूर्य टेकला तशी त्यांना राहवेना. त्यांनी आतल्या दाराकडे तोंड करून हाक दिली:

"ओ भाऊ! सगळं ठीक हाये, पण याच्यात चीनी टाकाचीच इसरले तुमी! अन् जराशक दूध पण आणजा!"

आतून कुणी तरी अस्सल वऱ्हाडी आवाजात, "आणतो जी, शेठजी!" म्हणालं, आणि कंचनबाईंचा काटा तोंडापाशीच थांबला.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "चीनमध्ये 'जी' म्हणतात?"

"शिकते माणूस," गुलाबबाई म्हणाल्या. "जेव आता, दिवस बुडून राह्यला."