करंट बंद केल्यावर श्रीमंतचा हात

२४ ऑक्टोबर १९९५, मंगळवार. त्या सकाळी सूर्याला ग्रहण लागले होते. नगर जिल्ह्यातून ते खंडग्रास दिसले. रुग्णांना रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या, रुग्णालयातल्या व्यवसायोपचाराच्या खोलीत तिथली उपचारतज्ज्ञ शुभांगी आठपासून खोळंबली होती. ऐन दिवाळीत सुट्टीविना हा तिचा दहावा दिवस. समोर चाकाच्या खुर्चीत पाथर्डीकडचा ऊसतोड मजूर श्रीमंत, शेजारी त्याची बायको लंकाबाई, तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. घरी सोडण्याआधी श्रीमंतला स्वतःच्या हाताने घास घेता येतो का, एवढेच पाहायचे होते. पण ग्रहण सुटल्याशिवाय लंकाबाई फडक्याची गाठ सोडायला तयार नव्हती.

मार्चमध्ये उसाने भरलेल्या ट्रकवरून पडून श्रीमंतच्या मानेतला मज्जारज्जू दुखावला. पाय गेले, बोटेही गेली. ऑगस्टअखेर तो इथे आला, तेव्हापासून शुभांगी रोज त्याच्या हातावर ओल्या पट्ट्या बांधून यंत्राचा करंट देई आणि त्याच बैठकीत मनगट उचलण्याचा सराव करून घेई. करंट सुरू झाला की बोटे मिटत. ती मिटलेली मूठ पाहून लंकाबाईने भावाला, हनुमंतला, निरोप धाडला होता: ह्यांचा हात आला, पाडव्याला फडावर जाणाऱ्या ट्रकमध्ये माझी जागा धर. ऊसतोडीला दोघांची जोडी लागते; नवऱ्याऐवजी विधवा जावेबरोबर तिची जोडी लागणार होती. पाडवा उद्यावर आला होता.

"ती मूठ यंत्र मिटवतं, लंकाबाई," शुभांगीने पुन्हा एकदा सांगितले.

"मग यंत्रच द्या की घरी, बाई."

"तुमच्या गावात लाइट असते का दिवसभर?"

"असती की. कंदील घिऊन हुडकाया लागती."

श्रीमंत हसला. "माझ्यापरीस यंत्राचीच सेवा करत बसशील तू."

दहाच्या सुमारास ग्रहण सुटले. लंकाबाईने हातपाय धुतले, नवऱ्याच्या तोंडावरून ओला हात फिरवला. शंका नको म्हणून शुभांगीने यंत्राची पिनच भिंतीतून काढली. श्रीमंतने मनगट उचलले. बोटे आत वळली, अंगठा तर्जनीला टेकला, भाकरीचा तुकडा त्यात अडकला आणि तोंडापर्यंत पोचला. दुसरा मात्र मांडीवर पडला. तो काही केल्या उचलता येईना.

"गेला की घास! मग जाऊ ना मी? सासू हाय घरी."

हो म्हणावे आणि घरी जाऊन पाठ टेकावी, असे शुभांगीला फार वाटले. तरी तिने विचारले, "तुमच्या सासूबाई, चांगुणाबाई, दर दोन तासांनी ह्यांना कुशीवर वळवतील?"

"तिलाच उठाया काठी लागती."

"मग नका जाऊ. पडून पडून पाठीला जखमा झाल्या तर हा हात काय कामाचा?"

"जाऊ द्या तिला, बाई," श्रीमंत म्हणाला. "सहा म्हैनं घरात बसून खायाचं काय?"

"तुमी गप बसा. मांडीवरचा घास तर उचला आधी!" लंकाबाईने तो तुकडा स्वतःच उचलला, खाल्ला आणि फडके झटकले. "हनुमंताला सांगते, न्हाई येत म्हनून."

ते दोघे वॉर्डात गेल्यावर शुभांगीने नोंदवहीत लिहिले: 'करंटविना पकड, एक घास.' पुढचा रकाना कारणाचा होता. यंत्र आणि मनगटाचा सराव एकाच बैठकीत चालत आले होते. त्यांच्या वेगळ्या नोंदी तिने कधी ठेवल्या नव्हत्या. श्रीमंतची पकड करंटने आली, सरावाने आली, की नुसत्या दिवसांनी, हे तिला ठाऊक नव्हते. रकाना कोराच राहिला.