आत्या बोलत होती आणि लोक हसले

मंडळी, तासाभरापूर्वी घरी आलोय. कुणाला तरी सांगावंसं वाटतंय, म्हणून लिहितोय.

आज आमच्या शहरातल्या अड्यार भागात प्रादेशिक लघुपटांचा एक छोटा मेळावा होता. तिथे माझा बारा मिनिटांचा लघुपट दाखवला. त्यात फक्त माझी आत्या बोलते. आम्ही तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या तमिळ मुलखातलेच. आत्याचं मराठी जुन्या वळणाचं, तमिळ हेल असलेलं. ऐंशीची आत्या रेशमी साडी नेसून माझ्याशेजारी बसली होती.

पडद्यावर ती आपल्या गेलेल्या मुलीबद्दल बोलायला लागली आणि मागून हसू ऐकू आलं. महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेली माणसं होती. वाईट नव्हती हो. त्यांना तिचे शब्द गमतीदार वाटले, एवढंच. नंतरच्या चर्चेत एकजण तर कौतुकाने म्हणाला, "किती गोड बोलतात! यांच्यावर काहीतरी विनोदी करा ना."

आत्याने मला हळूच विचारलं, "मी चुकीचं बोलले काय रे?"

"नाही गं आत्या."

तिला ते पटलं नाही. परतताना ऑटोत ती माझ्याशी तमिळमध्ये बोलली. आयुष्यात पहिल्यांदाच. म्हणाली, माझं बोलणं पुन्हा कुणाला दाखवू नकोस.

तुला असं लोकांपुढे दाखवलं ही माझीच चूक, म्हणालो आणि माफी मागितली. तिने उत्तरही तमिळमध्येच दिलं.

माझ्या मुलांना मराठी येत नाही. घरात मी मराठी बोलायचो ते फक्त तिच्याशी. उद्या सकाळी कुणाशी बोलू, सांगाल?